स्पेशल बी.एड. करू का? आधी कोणत्या खात्याच्या मुलांना शिकवायचंय ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साधं बी.एड. झालंय, चार वर्षं इंग्लिश मीडियमच्या शाळेत गणित शिकवताय, वर्गात एक स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा आला आणि त्याच्यामुळे या कामाची ओढ लागली, आता स्पेशल बी.एड., म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचं बी.एड., करावं का, नोकरी लागते का, आणि इंटरव्ह्यूला "हे सगळे कायदे सनावळ्यांसकट पाठ करावे लागतात का" असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या वाक्याला मी हसले, कारण मीपण पाठच केले होते आणि पुढची पाच वर्षं त्यांचा काही उपयोग केला नाही.

तुम्ही कोर्सबद्दल बरंच लिहिलंय पण एक गोष्ट कुठेच नाही, ती म्हणजे तुम्हाला नक्की कुठे शिकवायचंय. विशेष मुलांच्या शाळेत, झेडपीच्या शाळांमधून फिरत, की शहरातल्या एखाद्या शाळेच्या रिसोर्स रूममध्ये, म्हणजे अशा मुलांना वर्गाबाहेर जादा मदत देतात त्या खोलीत? फॉर्मवर अपंगत्वाचा जो प्रकार निवडायचा असतो तो यावर ठरतो, पगार कुठून येणार ते यावर ठरतं, आणि भांडायची वेळ आली तर कुणाच्या दारात जायचं तेही. कायद्याचा इतिहास कामाला येतो तो इथे.

माझं सांगायचं तर २००२ ला मी डीएसई एमआर, म्हणजे विशेष शिक्षणाचा डिप्लोमा, केलं. तेव्हा असंच म्हणायचे, एमआर म्हणजे मेंटल रिटार्डेशन, आता कुणी हा शब्द वापरला तर मीच टोकते. नऊ वर्षं एका जिल्ह्याच्या गावी मतिमंद मुलांच्या शाळेत, मधे नोकरी सांभाळून स्पेशल बी.एड., मग सात वर्षं तालुक्याला कंत्राटावर फिरती, आणि आता पुण्यात एका शाळेत रिसोर्स टीचर. म्हणजे तिन्ही ठिकाणचं पाणी प्यायलेय. माझा अनुभव मुख्यतः बौद्धिक अक्षम आणि अध्ययन अक्षम (वाचन, लेखन, गणितात अडणाऱ्या) मुलांचा आहे, अंध किंवा कर्णबधिर मुलांचं शिक्षण ही वेगळीच विद्या आहे, त्याबद्दल त्यातल्याच माणसाला विचारा.

आता इतिहास. आपल्याकडे या मुलांचं शिक्षण आधी दानधर्म म्हणून सुरू झालं, मग कल्याण म्हणून चाललं आणि हक्क व्हायला फार उशीर लागला. अमृतसरला १८८७ मध्ये ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अंधशाळा काढली, दादरची अंधशाळा १९०० साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांची, मुंबईतलीच जय वकील शाळा १९४४ ची. सरकारचा संबंध फार तर अनुदानापुरता. १९४४ च्या सार्जंट अहवालात म्हटलं होतं की या मुलांची सोय हा शिक्षण व्यवस्थेचाच भाग असला पाहिजे, कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये तेच परत सांगितलं. पण १९७४ मध्ये केंद्राने अपंग मुलांना साध्या शाळेत घालायची पहिली योजना आणली ना, ती आणली समाजकल्याण खात्याने! शिक्षण खात्याकडे ती आली १९८२ ला. आणि विशेष शाळा तर कल्याणवाल्यांकडेच राहिल्या, त्या अजून तिथेच आहेत. आपल्या राज्यात २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याण असा स्वतंत्र विभाग झाला, पण शिक्षण विभागात त्या गेल्या नाहीत ते नाहीतच.

याचा अर्थ काय ते सांगते. एकाच गल्लीतली दोन मुलं, दोघांनाही डाऊन सिंड्रोम. एक विशेष शाळेत जातं, त्याची शिक्षिका दिव्यांग कल्याणच्या अनुदानावर. दुसरं झेडपीच्या शाळेत, त्याला बघायला येणारी शिक्षिका समग्र शिक्षा या शिक्षण खात्याच्या योजनेची, तिचा साहेब वेगळा, रजिस्टर वेगळं, ट्रेनिंग वेगळं. पहिलं मूल जरा सुधारलं आणि साध्या शाळेत पाठवायचं म्हटलं की कागद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाता जात नाही. मी विशेष शाळेत असताना अशी दोन मुलं पाठवायचा प्रयत्न केला, एक गेलं, दुसऱ्याच्या वेळी वर्ष त्यातच संपलं आणि आईनेच नाद सोडला. आणि खरं सांगू, आमच्या शाळेलाही ते मूल जायला नकोच होतं, कारण पटसंख्या कमी झाली की अनुदानाचा प्रश्न. हे कुणी तोंडाने बोलत नाही.

कायद्यांकडे येते. पहिला कायदा तुमच्या स्वतःबद्दलचा आहे, मुलांबद्दलचा नाही. भारतीय पुनर्वसन परिषद, म्हणजे आरसीआय, १९८६ ला साधी नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झाली, १९९२ ला तिचा कायदा झाला, जून १९९३ पासून वैधानिक दर्जा. या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाला विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही, केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्षात कुणाला धरून नेलेलं मी पाहिलेलं नाही, आणि गल्लोगल्ली दोन महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन "थेरपी सेंटर" उघडलेले लोक तुम्हीही पाहिले असतील. पण सरकारी किंवा अनुदानित जागेसाठी पहिला कागद मागतात तो सीआरआर नंबरचा, म्हणजे आरसीआयच्या नोंदवहीतल्या तुमच्या नंबरचा. तो नसेल तर एम.ए. सायकॉलॉजी असो नाहीतर साधं बी.एड., अर्ज बाजूला. म्हणून तुमचं आत्ताचं बी.एड. इथे पुरत नाही. रागावू नका, पण चार वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला हा अपमान वाटतो हे मला माहितीय, आमच्या बॅचला तशा तिघी होत्या. त्याच पुढे सगळ्यात चांगल्या निघाल्या, कारण चाळीस मुलांचा वर्ग काय असतो ते त्यांना ठाऊक होतं.

मग १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, लागू झाला फेब्रुवारी १९९६ मध्ये. सात प्रकारची अपंगत्वं, आणि कलम २६ मध्ये अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. स्वमग्नता त्या सातात नव्हती. अध्ययन अक्षमताही नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी आली, पण तो कायदा शाळेचा नाही, पालकत्वाचा. "आमच्या माघारी याचं काय" हा प्रश्न प्रत्येक आई तुम्हाला कधीतरी विचारणारच, तेव्हा उत्तर त्या कायद्यात आहे, अठरा वर्षांनंतरचा कायदेशीर पालक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती नेमते. कोर्समध्ये हे दोन ओळींत उरकतात. मी मात्र मुलगा सोळाचा झाला की पालकांना हे सांगायला बसतेच.

२००९ चा आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा, आला तेव्हा आम्हाला वाटलं आता सुटलो. पण त्यात वंचित घटकांच्या व्याख्येत अपंग मुलं स्पष्टपणे आली ती २०१२ च्या दुरुस्तीत, आणि त्याच दुरुस्तीत तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. हा गृहाधारित शिक्षणाचा पर्याय चांगला की वाईट यावर आमच्यात आजही वाद होतात. माझं मत विचाराल तर पळवाट म्हणून तो फार वापरला गेला, रॅम्प बांधण्यापेक्षा "घरी शिकतोय" लिहिणं सोपं. पण मी ज्या वाडीवर मंगळवारी एसटीने जायचे तिथला मुलगा उठून बसूही शकत नव्हता, मी गेले नसते तर आठवडाभर घरच्यांशिवाय दुसरं माणूस त्याच्या नजरेला पडलं नसतं. त्यामुळे सरसकट काही बोलायची माझी हिंमत होत नाही.

आणि मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, एप्रिल २०१७ पासून लागू. आपण संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांच्या करारावर २००७ लाच सही-शिक्का केला होता, त्याप्रमाणे कायदा करायला नऊ वर्षं लागली. सातचे एकवीस प्रकार झाले, स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली. इंटरव्ह्यूसाठी पाठ करायचंच असेल तर याची तीन कलमं करा. सोळा, यात शाळेने प्रवेशापासून काय काय द्यायचं ते. सतरा, यात सरकारने काय करायचं, ब्रेल आणि खुणांची भाषा येणारे शिक्षक नेमण्यापासून ते वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट इथपर्यंत. आणि एकतीस, सहा ते अठरा वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पालकांना हवं तर विशेष शाळेत मोफत शिक्षण, चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर.

कलम सोळा मी पर्समध्ये प्रिंट काढून ठेवते, खरंच. एका शाळेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला पहिलीला घेत नव्हते, "आमच्याकडे सुविधा नाहीत, मुलीचेच हाल होतील" हे ठरलेलं वाक्य. मी पालकांबरोबर गेले, न भांडता कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, सर, नकार लेखी द्या. लेखी कुणी देत नाही. ॲडमिशन झाली. पुढे वर्षभर ती मुलगी वर्गात कोपऱ्यात बसली कारण बाईंना तिच्याशी काय करायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं, आणि मी आठवड्यातून एकदाच जाऊ शकत होते. कायद्याने दार उघडलं, आतलं काम बाकीच.

एक जाता जाता. आयईपी, म्हणजे एकेका मुलासाठी लिहिलेला शिकवण्याचा आराखडा, हा शब्द तुम्हाला कोर्सच्या पहिल्या आठवड्यात भेटेल आणि निवृत्त होईपर्यंत सोडणार नाही. तो आला अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्यातून. तिथे १९७२ च्या सुमारास पालक कोर्टात गेले, पेनसिल्व्हेनियात आणि वॉशिंग्टन डी.सी.त, आणि आमच्या मुलांना शाळेबाहेर ठेवता येणार नाही हे मान्य करून घेतलं. तिथली आयईपी शाळेला बांधील असते, लिहिलेली मदत दिली नाही तर पालक दाद मागू शकतात. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेली एक आई माझ्याकडे मुलाची आयईपी घेऊन आली होती, जाडजूड फाईल, स्पीच थेरपी आठवड्यात किती मिनिटं तेसुद्धा लिहिलेलं. आपल्या २०१६ च्या कायद्यात वैयक्तिक गरजेप्रमाणे मदत द्या असं आहे, पण आयईपी या कागदाला तसलं बळ नाही. म्हणून आपल्याकडे तो बऱ्याच ठिकाणी तपासणीच्या आदल्या रात्री लिहिला जातो. मीही लिहिलेत, कशाला खोटं बोलू.

आता नोकरीचं. रजनीश कुमार पांडे खटल्यात सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण ठरवून दिलं, प्राथमिकला दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे पंधरामागे एक. मार्च २०२५ मध्ये परत राज्यांना बजावलं की पदं जाहीर करा, वर्षानुवर्षं कंत्राटावर असलेल्यांची छाननी करून त्यांना नियमित करा. आपल्या राज्याने २०२४ मध्ये दर केंद्राला एक याप्रमाणे ४८६० पदं मंजूर केली. ऐकायला छान आहे. पण केंद्र म्हणजे एक शाळा नव्हे, आठ-दहा ते पंधरा शाळांचा गट, आणि बऱ्याच जागांवर आधीपासून कंत्राटी लोकांचा हक्क आहे, तो असायलाच हवा, त्यातले कित्येक माझ्याबरोबरचे आहेत, पन्नाशीला आलेत. त्यामुळे कोर्स संपताच सरकारी नोकरी, असं कुणी ॲडमिशन एजंट सांगत असेल तर चहा पिऊन परत या.

विशेष शाळांचं म्हणाल तर अनुदानित असेल तर पगार वेतनश्रेणीने, पण जागा निघतात कमी. विनाअनुदानित असेल तर पगार विचारताना थोडं मन घट्ट करा. शहरातल्या खाजगी शाळांमध्ये सध्या मागणी बरी आहे कारण सीबीएसईने २०१५ मध्ये शाळांना स्पेशल एज्युकेटर ठेवायला सांगितलं. तिथे धोका वेगळा. तुम्हाला नेमतात, आणि मग गैरहजर शिक्षकांच्या तासांना पाठवतात, नाहीतर एकाच मुलाची शॅडो टीचर, म्हणजे दिवसभर त्याच्याच शेजारी बसणारी बाई, करून टाकतात. नेमणुकीच्या पत्रात कामाचं स्वरूप लिहून घ्या, नंतर कुणी लिहून देत नाही.

प्रकार कोणता निवडायचा? तुम्ही गणिताच्या आहात, शहरात राहणार असाल, मोठ्या मुलांबरोबर जमत असेल तर अध्ययन अक्षमता मनापासून सुचवते. आपल्या राज्यात कायद्याच्या वीस वर्षं आधी, १९९६ लाच, दहावीला या मुलांना सवलती द्यायला सुरुवात झाली, मुंबईत सायन हॉस्पिटलसारख्या ठिकाणच्या डॉक्टरांनी त्यासाठी खूप केलं. पण सवलत म्हणजे शिकवणं नव्हे. नववीत सर्टिफिकेट काढायला धावणारे पालक तुम्हाला ढिगाने भेटतील, ज्या मुलाला तिसरीतच ओळखायला हवं होतं. सर्टिफिकेट आठव्या वर्षापासून मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी परत तपासणी. गणितात अडणाऱ्या मुलाला हातचा समजत नाही की आकड्याची जागा समजत नाही की वाचूनच होत नाही, हे वेगळं काढणारी बाई शाळांना मिळत नाही. तुम्ही ते करू शकाल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

पण तुमची ओढ त्या स्वमग्न मुलामुळे असेल, आणि खेड्यात किंवा विशेष शाळेत जायची तयारी असेल, तर बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता घ्या. फक्त ते काम कसं असतं ते आधी बघा. शर्टाचं बटण लावायला मी एका मुलाला चार महिने शिकवलं. त्याचीही पद्धत असते, उलटीकडून शिकवायचं. म्हणजे बटण काजात घालायचं, अर्धं बाहेर काढायचं, हे सगळं आपण करायचं आणि शेवटचं ओढणं तेवढं त्याच्याकडून. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी त्याच्यावर सोडायची. असं केल्याने प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं, पहिल्याच पायरीला अडून तो चिडत नाही. सुरुवात मोठ्या बटणाच्या जुन्या कोटावर, आणि कोट अंगात न घालता समोर टेबलावर, कारण अंगातल्या शर्टाचं बटण नीट दिसतच नाही. हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं, पण काज जरा सैल करून ठेवायचं हे शाळेतल्या मावशींनी शिकवलं. चार महिन्यांनी त्याची आई म्हणाली, बाई, आज दादा स्वतः शर्ट घालून दारात उभा. तुम्हाला यात चार महिने वाया गेले असं वाटणार असेल तर तसं आत्ताच ओळखा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, रिसोर्स रूमलाही चांगल्या माणसांची तितकीच गरज आहे.

कोर्सबद्दल थोडक्यात. बारावीनंतर डी.एड. स्पेशल, दोन वर्षं. पदवीनंतर बी.एड. स्पेशल, पूर्वी एका वर्षाचं होतं, २०१५ च्या आसपास दोन वर्षांचं झालं, आणि नव्या शैक्षणिक धोरणामुळे कोर्सचे आकार अजून बदलतायत. म्हणून फी भरण्यापूर्वी त्या कॉलेजचं नाव, तुम्ही निवडलेला प्रकार आणि ते वर्ष, तिन्ही गोष्टी आरसीआयच्या यादीत स्वतः बघा, कॉलेजने दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. माझ्या ओळखीची एक मुलगी अशा कॉलेजात अडकली ज्याची मान्यता एका प्रकाराची होती आणि वर्ग दुसऱ्याचे चालले होते, सीआरआर नंबरसाठी तिने किती खेटे घातले ते तिलाच माहीत. नंबर मिळाल्यावरही तो कायमचा नसतो, पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी सेमिनारचे पॉइंट जमवत राहायचे. शासकीय शाळेत जायचं तर टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, वेगळं, ते ज्या जाहिरातीला अर्ज कराल त्यात बघा, पदाप्रमाणे फरक पडतो.

घरची परिस्थिती तुम्ही लिहिली नाहीये. दोन वर्षं बिनपगारी बसणं परवडणार नसेल तर आत्ताची नोकरी सोडण्याआधी तुमच्याच मुख्याध्यापकांना विचारा, कोर्स करून आले तर रिसोर्स रूम सुरू कराल का. हो म्हणाले तर तुमचं नव्वद टक्के टेन्शन गेलं. नाही म्हणाले तर त्या स्वमग्न मुलाचं पुढे काय करणार आहेत तेही सहज विचारून बघा.

फॉर्म भरायच्या आधी दिवाळीच्या सुट्टीला लागून रजा टाका आणि जवळच्या विशेष शाळेत पंधरा दिवस नुसत्या जाऊन बसा, आधी मुख्याध्यापकांना फोन करून. बहुतेक शाळा नाही म्हणत नाहीत, हात कमीच असतात. पहिले तीन दिवस काही करू नका, डबा खाताना आणि बाथरूमला जाताना काय चालतं तेवढं बघा, वर्गातलं शिकवणं नंतर. जाताना केस घट्ट बांधा, कानात लोंबतं काही नको आणि ओढणी पिन करून घ्या. का ते पहिल्या तासाभरात कळेल.